मुठीएवढा गडू

“यातलं नेमकं विषारी काय?” प्रानोमने विचारलं. “पान, फूल, की चीक?”

“सगळंच,” बुनसोंग म्हणाला. कुंडीतल्या अडेनियमच्या फुगीर खोडावरून फिरणारा त्याचा ओला फडका थांबला नाही. “चीक जास्त. का हो ताई, कुणाला पाजायचाय?”

प्रानोम नुसती हसली.

दोन महिन्यांपूर्वी तिची मांजर, क्लुआय, याच झाडांच्या छाटलेल्या फांद्या चघळून मेली होती. फांद्या गल्लीत टाकू नका, असं ती या शेजाऱ्याला तीनदा सांगून आली होती. “मांजर घरात ठेवा,” एवढंच तो म्हणाला होता. मेल्यावरही तेच म्हणाला.

आता त्याने स्वतः कुत्र्याचं काळंभोर पिल्लू आणलं होतं, ओलियांग. त्याचं तोंड पोहोचू नये म्हणून सगळ्या कुंड्या कमरेएवढ्या लोखंडी घडवंच्यांवर चढल्या होत्या.

वर्षावास लागला. प्रानोमने तीन महिन्यांचं व्रत घेतलं. रोज सकाळी भन्तेंना भिक्षा, मग गेलेल्यांच्या नावाने पाणी सोडायचं. ते पाणी झाडाच्या मुळाशी जावं लागतं, आणि तिच्या दारात नुसतं सिमेंट.

“तुमच्या थोरल्या झाडाला घालू का, भाऊ?”

पुण्यकर्माच्या पाण्याला नाही कोण म्हणणार? तिचा पितळी गडू जेमतेम मुठीएवढा.

“घाला. पण तेवढंच हं. पावसाळ्यात मी याला थेंब दाखवत नाही, मुळं कुजतात. वडिलांच्या हातचं आहे, बावीस वर्षांचं. दोनदा प्रदर्शनात दुसरं आलं. यंदा पहिलं आणणार.”

ती रोज यायची. ओठातल्या ओठात नावं घ्यायची. शेवटचं अगदी हळू. मग घडवंच्यांखाली वाकून गळलेली पानं वेचायची.

“पिल्लाच्या तोंडी जायला नकोत,” म्हणायची.

बुनसोंग तिच्या हातांकडे बघत राहायचा. एकदा विहारातून येताना तिने पिशवीत हात घातला, तसं त्याने ओलियांगला झटकन उचललं.

“त्याला काही द्यायचं नाही, ताई.”

“मेणबत्त्यांची थोटकं आहेत हो. वितळवून नव्या वळते.” तिने पिशवी उघडून दाखवली. “मी पाच शीलं पाळते. जीव नाही घेत कुणाचा.”

तरी दुसऱ्या दिवसापासून पिल्लाची थाळी घरात गेली आणि फाटकाला कडी आली. दर संध्याकाळी बुनसोंग पिल्लाच्या हिरड्या तपासायचा.

दुसऱ्या महिन्यात खोड टरारून फुगलं. बुनसोंगने बायकोला बाहेर बोलावून दाखवलं.

“ताईंचं पुण्य लागलं बघ झाडाला.”

“लागणारच,” प्रानोम म्हणाली. त्या दिवशी तिने ओंजळभर पिवळी पानं वेचली.

वर्षावास संपला. ओलियांग चांगला दांडगा झाला होता. प्रदर्शनाच्या सकाळी प्रानोम आली, तसा तो शेपटी हलवत तिच्या पायांत घुटमळला. तिने त्याचे कान खाजवले. बुनसोंगला स्वतःचीच लाज वाटली.

“माफ करा, ताई. मी तुमच्याबद्दल भलतंच मनात आणलं होतं.”

“चालायचंच,” ती म्हणाली.

त्याने कुंडी उचलायला खोडाला हात घातला. अंगठा पेरापर्यंत आत गेला. सालीखाली नुसता तपकिरी लगदा होता. घाबरून त्याने कुंडी कलती केली, तर काठावरून बदाबदा पाणी सांडलं. खालून थेंब नाही. तो घडवंचीखाली वाकला.

कुंडीच्या तळाचं भोक पिवळ्या मेणाने बुजलेलं होतं, आणि मेणावर अंगठ्याचा ठसा होता.