आवाज नेमका कधी जातो

"या गाडीला आणि यांना एकच रोग. बोलायच्या वेळी नेमकी वाचा जाते."

दातांच्या डॉक्टरांची बायको मागच्या सीटवर पुटपुटली. डॅशबोर्डखाली मान घालून आडव्या पडलेल्या ताईला ते स्पष्ट ऐकू आलं. तोंडात टॉर्च होता म्हणून बरं, नाहीतर हसू फुटलं असतं.

गाडी महिन्यात चौथ्यांदा दुकानात आली होती. तक्रार तीच. गाण्यांचा सेट छान वाजतो आणि मधेच गप्प होतो. पहिल्या खेपेला ताईने फ्यूज घासूनपुसून बसवला. दुसऱ्या खेपेला दाराच्या बिजागरीत चेपलेली स्पीकरची वायर बदलली. तिसऱ्या खेपेला अर्थिंगचा नट आवळला. दर वेळी आवाज पूर्ण सोडून एक फेरी मारली आणि मगच किल्ली परत दिली. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुकान काढलं तेव्हापासून हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सेटला हात लावला की मिस्त्रीने स्वतः फेरी मारायची, त्याआधी गाडी मालकाच्या हाती द्यायची नाही.

फेरीत आवाज कधीच गेला नाही. जाणार नाही याची काळजी ताईनेच घेतली होती.

फोन आला की गाणं बंद व्हावं म्हणून नव्या सेटला एक बारीक वायर असते. दोन महिन्यांपूर्वी हा सेट बसवताना ताईने ती वायर काडेपेटीएवढ्या रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यातून, मागच्या पांढऱ्या दिव्याला जोडली होती. रिव्हर्स टाकला की दिवा लागायचा, आणि दिवा लागला की सेटची दातखीळ बसायची.

नऊ वर्षांपूर्वी याच गाडीच्या मागच्या चाकाखाली तिचा धाकटा भाऊ गेला होता. तोही याच दुकानाच्या दारात. आप्पांनी त्याच दुपारी गाडीत मोठा सेट बसवला होता. बारक्या जेवणाचा डबा घेऊन मागून येत होता. ओरडला म्हणे. डॉक्टरांनी पोलिसांना सांगितलं, गाडी मीच मागे घेत होतो, गाणं मोठ्याने लागलं होतं, हाक ऐकू आली नाही. कोर्टाने त्यांचा परवाना काढून घेतला आणि दोन वर्षांनी परत दिला. झालं, मिटलं.

ताई तेव्हा परगावी नोकरीला होती. ती पोचेपर्यंत फरशीसुद्धा धुऊन झाली होती. आप्पांनी त्या दिवसापासून पक्कड हातात धरली नाही की गाडीत पाय ठेवला नाही. आपणच बसवलेल्या सेटने घात केला हे त्यांनी जिवाला लावून घेतलं, असं सगळे म्हणत. नोकरी सोडून ताई धंदा शिकली, स्वतःची बोटं भाजून घेत. आप्पा कोपऱ्यात स्टुलावर बसून डब्यातले स्क्रू निवडत. लहान एकीकडे, मोठे दुसरीकडे. संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र ओतत.

आणि डॉक्टर? त्यांनी ती गाडीसुद्धा विकली नाही. एवढी दुकानं सोडून इथेच यायचे. नऊ वर्षांत एकदाही 'चुकलं' म्हणाले नाहीत. आल्या आल्या एवढंच विचारायचे, "आप्पा जेवले का?" ते ऐकलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती डॅशखालून बाहेर आली. आवाज कुठे कुठे गेला ते लिहून ठेवायला तिने मागच्या वेळी बजावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. दवाखान्याचं फाटक. बाजाराचा वाहनतळ. बहिणीच्या घराची बोळ. पुन्हा दवाखान्याचं फाटक.

"यात काही कळतंय का तुला?" बाईंनी विचारलं. "दाताची कीड यांना लांबून दिसते, पण यातलं काही कळत नाही म्हणतात."

डॉक्टर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

"कळतंय," ताई म्हणाली. "डॉक्टर, गाडी चालू करा. गाणं लावा. मोठ्याने."

गाण्याने दुकानाचे पत्रे थरथरले. कोपऱ्यात स्क्रूंचा आवाज थांबला.

"आता रिव्हर्स टाका."

डॉक्टरांनी गिअरवर हात नेला, पण तो तिथेच राहिला. मग त्यांनी रिव्हर्स टाकला. गाणं तुटलं. एवढी शांतता झाली की इंजिनाचं हळू गुरगुरणंही मोठं वाटलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," डॉक्टर हळू म्हणाले.

"मग चार चकरा कशाला मारल्यात?"

उत्तराची वाट न बघता ताईने नऊ वर्षं घोटलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. त्या दिवशी हे असं गप्प झालं असतं तर माझ्या भावाची हाक ऐकू आली असती. जिवंत असता तो. आणि तुम्ही जेवणाच्या चौकशा करता? एकदा तरी म्हणा, चुकलं म्हणून.

"अहो, आता तरी..." मागून बाई म्हणाल्या.

"तू गप्प राहा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि आपल्या मुलीच्या वयाच्या ताईपुढे हात जोडले. "चुकलं माझं. माफ कर."

हेच तर हवं होतं. तरी ताईला गार वाटेना, कारण हात जोडलेला माणूस तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बघत होता.

डबा उलटला. स्क्रू फरशीभर घरंगळले. त्यांच्यावरूनच अनवाणी चालत आप्पा आले, आणि त्यांनी डॉक्टरांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"पोरी, सेट नवा बसवला होता त्या दिवशी," आप्पा म्हणाले. "फेरी मारल्याशिवाय मी कधी कुणाच्या हाती गाडी दिली होती का?"