पृथ्वीला हाका

कॅसेट काउंटरवर आपटून चुडामण कडाडला, "हाशमभाई, वाट लावलीत माझ्या गाण्यांची!" दीपनगर कॉलनीत रॉक ऐकणारा तो एकटाच. त्याच्या लाडक्या बँडची सगळी गाणी मिळून एकच गोष्ट होती: अंतराळात भरकटलेलं यान आणि त्यातला शेवटचा माणूस. चुडामणला मित्राची रेकॉर्ड परत द्यायची होती म्हणून हाशमभाईंनी दुकानात स्पीकरसमोर माईक ठेवून ती कॅसेटवर भरून दिली होती. "ऐका स्वतःच!" त्यानं शेवटचं गाणं लावलं. माणूस पृथ्वीला हाका मारतो, मग नुसती शांतता. नेमकी तिथंच फोनची घंटी आणि हाशमभाईंचा आवाज: "नाही अक्का, चुडामण इथं नाही." "फोन कशाला उचललात?" तो ओरडला. हाशमभाईही भडकले, "तुझ्या आईचा होता, यावलहून! तिला 'मी नाही' म्हणून सांगा, हे कोण म्हणालं?" कॅसेट फिरतच होती. तिच्यातल्या शांततेत घंटी पुन्हा वाजली, वाजतच राहिली.