ओला स्लॅब

पूल गाड्यांना खुला व्हायला दोन दिवस होते, तेव्हा गणपत बायकोला तो दाखवायला डोळखांबहून पायीच घेऊन आला. तीन वर्षं तो घरी कमी आणि या पुलाच्या कामावर जास्त होता. देवकी मनातल्या मनात पुलाला सवतच म्हणायची. आज ती सवत बघायची होती.

सवत चांगली उंच निघाली. कठड्यावरून वाकलं, तर खाली नदीत धुणं धुणाऱ्या बाया मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. गणपतचं तोंड थांबेना. गर्डर कसे चढवले, उन्हात पूल फुगतो म्हणून सांध्यात बोटभर फट कशी ठेवली, सगळं सांगताना त्याचा हात कठड्यावरून फिरत होता. एवढ्या मायेने तो आपल्या पाठीवरून कधी फिरल्याचं देवकीला आठवेना.

"आन् हा स्लॅब! ओतल्यावर अठ्ठावीस दिवस जपायला लागतो गो. भर वैशाखात गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं मी. कोवळ्यावर वजन टाकायचं नाय, नायतर जन्माची चीर जाते."

"म्हणून अक्षदाच्या बारशाला तुमी आला नाय," देवकी म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी मी डोईवर दोन हंडे घेतले."

"अगो, स्लॅब ओला होता तवा. सोडून कसा येणार?"

देवकीचा हात कमरेवर गेला.

"मी पण ओली बाळंतीण होते."