चढणाऱ्या गाडीची वाट

बंदरावरून वरच्या पेठेत चढणारी एसटी हेमलताने तिसऱ्या वळणावर थांबवली. समोरून दुसरी एसटी उतरत होती आणि दोन्ही गाड्या मावतील एवढा रस्ता तिथे नव्हताच.

"तूच घे मागे," कंडक्टर कुजबुजला. "समोर तुझे बाबा आहेत, मान ठेव त्यांचा."

पण घाटात वाट चढणाऱ्या गाडीची, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. तिने हँडब्रेक ओढला आणि हॉर्न दिला. सीटांवरच्या कोळणी माना उंचावून पुढे पाहू लागल्या.

समोरची गाडी हळूहळू मागे चढत रुंद जागेपर्यंत गेली. हेमलता शेजारून जाताना बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"गाडी मागे घेतली असतीस ना," ते अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले, "तर आज तुला घरात घेतलं नसतं!"