चौदा नंबरची नळी

हमरस्त्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर भावानं गाडी उभी केली आणि तो यादी घेऊन उतरला. ताई गाडीतच बसून राहिली. दोन दिवसांच्या प्रवासानं तिचे पाय सुजले होते, पण तक्रार काही नव्हती. गाडीच्या टपावर तिचा सगळा संसार बांधलेला होता. एक ट्रंक, एक गादी, एक खुर्ची. मांडीवर पडद्याच्या कापडाचं पुडकं. खिडकीचं माप विचारून विचारून तिनं भावाला भंडावून सोडलं होतं आणि काल मुक्कामाच्या गावी हौसेनं ते कापड घेतलं होतं.

"तुझ्यासाठी खोली तयार आहे, तू फक्त ये," असं तो महिन्यापूर्वी फोनवर म्हणाला होता. चौतीस वर्षं ती नर्स होती. क्वार्टरमधली खोली कायम दुसरीबरोबर वाटून घेतलेली. एक कामावर निघाली की दुसरी येऊन झोपायची. आता एक अख्खी खोली आपली, आणि घंटी वाजली तरी उठायचं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं नर्सिंगच्या शाळेतली शिकवायची नोकरीही नाकारली होती. क्वार्टरची किल्ली काल सकाळीच देऊन टाकली होती.

भाऊ दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "ताई, ती नाकातून घालायची नळी कितीची घेऊ गं?"

"बाई की पुरुष?"

"बाई."

"वय?"

"ब्याऐंशी."

"अंगानं?"

"नुसती हाडं राहिलीत."

"मग चौदा नंबर घे. आणि दोन घे. एक तुंबली तर दुसरी हाताशी असू दे."

तो आत गेला. ताईला स्वतःचंच हसू आलं. हिला झोपेतून उठवून विचारलं तरी नंबर चुकायची नाही, असं वॉर्डात सगळे म्हणत. बाई की पुरुष विचारलं, वय विचारलं, अंगकाठी विचारली. नळी कोणासाठी, ते मात्र विचारायचंच राहिलं. वॉर्डात ते कधी विचारावं लागत नसे, तिथं खाटेचा नंबर असायचा. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

भाऊ दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन आला आणि त्यानं त्या तिच्या पायाशी ठेवल्या. तिनं एक उघडून पाहिली. रबरी चादर. हातमोज्यांचा खोका. पावडर. जखमेवर लावायच्या रुंद पट्ट्या. म्हणजे पाठ सोललेली आहे, तिच्या लगेच लक्षात आलं.

"कोणासाठी रे हे?"

"सासूबाईंसाठी." तो फडक्यानं समोरची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. "तीन महिने झाले, आपल्याकडेच आणलंय त्यांना. तुला सांगणारच होतो मी. अगं, त्यांचं करायला तीन बायका ठेवल्या, तिन्ही पळाल्या. तुझी वहिनी तर रडकुंडीला आलीय. म्हटलं, आपली ताई असताना परकं माणूस कशाला?"

"माझ्या खोलीत पलंग किती आहेत?"

तो काच पुसत राहिला.

"किती?"

"दोन."

"खिडकीजवळचा कोणाचा?"

"त्यांचा. डॉक्टर येतात ना, त्यांना उजेड लागतो." मग घाईघाईनं म्हणाला, "पण पडदा तू लाव हं. छान दिसेल."

त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी असं तिला वाटलं. लहानपणी ठेवून दिलीही असती. आता पन्नाशीचा बाप्या, केस विरळ झालेला, हातातल्या फडक्याशी चाळा करत उभा होता. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या पडद्याच्या कापडाची तर लाजच वाटली.

"हे मला आधी विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?"

ताईनं पायाशी ठेवलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांची बाई, नुसती हाडं, पाठ सोललेली. खोटं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते काही तिला बोलता येईना.

"नाही," ती म्हणाली. "आलेच असते."

"मग झालं तर!" भावाचा चेहरा खुलला. "आणि मी वेडा महिनाभर जिवाला घोर लावून बसलो होतो."

तो गाडीत बसला. गाडी सुरू करण्याआधी त्यानं वाकून तिची सीट मागं पाडून दिली आणि डोक्याखाली आपलं जाकीट घडी करून ठेवलं.

"अजून चार तास आहेत," तो मायेनं म्हणाला. "झोपून घे ताई. तिथं गेल्यावर जमायचं नाही."