सगळीकडे एकदम

“देखणी अक्षरं काय चाटायची आहेत? कामाची हवीत,” मालिनी म्हणाली, आणि कॉलेज रोडवरच्या त्या दुकानातलं दुसरं सॉफ्टवेअरही नापास झालं.

ढुंढिराज बाजूच्या स्टुलावर बसून होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. कॉम्प्युटरचा पडदा त्यांना नुसता निळा उजेड दिसत होता. शुगर खाली आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात, आणि इकडे जन्मातली पहिली कादंबरी लिहून तयार. अक्षर असं की प्रकाशकानं हात जोडले होते, ‘आधी टाइप करून द्या, मग बोलू.’

टायपिंग बाहेर द्यायचं नाही, मीच करणार, असं मालिनीनं घेतलं डोक्यात. पन्नाशीची बाई पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून क्लासला बसली. गल्लीत बोलबाला झाला, बायको असावी तर अशी. ढुंढिराजांचंही मत तेच होतं, पण बायकोचं कौतुक तोंडावर करायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

“काकू, आता हे तिसरं,” दुकानदार मयुरेश म्हणाला. “दिसायला गरीब आहे, पण राबतं.”

“एखादा शब्द पुस्तकभर चुकला असेल तर?”

“तो शब्द सांगायचा, त्याच्या जागी काय हवं ते सांगायचं. सगळीकडे एकदम बदलतो.”

“एखादा राहून गेला तर?”

“राहत नाही.”

“करून दाखवा.”

ढुंढिराज हसले. “माझ्या ‘जेष्ठ’वर डोळा आहे हिचा.” ज्येष्ठमधला य ते आयुष्यभर खात आले होते, आणि लग्नापासून मालिनी त्यावरून त्यांना बोलत आली होती. मयुरेशनं दहाबारा ओळींत ‘जेष्ठ’ पेरला आणि एका फटक्यात दुरुस्त करून दाखवला.

“हेच द्या,” मालिनी म्हणाली. भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालणारी बाई, पण तिनं घासाघीसही केली नाही.

रिक्षात ढुंढिराजांना बरं वाटत होतं. गोडीगुलाबीचे दिवस आले होते, नाहीतर याच कादंबरीवरून घरात महाभारत झालं होतं.

कादंबरीचं नाव ‘सटाण्याची गाडी’. आणि ती होती मालिनीच्या धाकट्या बहिणीची, भाग्यश्रीची. कॉलेजात असताना भाग्यश्री एकाच्या नादानं एसटीत बसून सटाण्याला निघून गेली होती. आठवड्यानं तिला परत आणलं ते नव्या जावयानं, म्हणजे ढुंढिराजांनीच. त्यामुळे स्टँडवरच्या कांद्याच्या वासासकट त्यांना सगळं पाठ होतं. घरच्यांनी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. पुढे देवळाली कॅम्पातल्या सुभेदारांशी तिचं लग्न झालं, संसार झाला. सुभेदार माणूस सरळ, पण डोक्यात राख घालून घेणारा. ‘त्यांना कळलं तर मला घरात उभी करणार नाहीत गं,’ म्हणून भाग्यश्री बहिणीच्या गळ्यात पडून रडली होती.

“निदान नाव तरी बदला,” मालिनीनं विनवलं होतं.

“नाव बदललं की पात्र मरतं.”

“आणि माझी बहीण मेली तर?”

“लोक काय म्हणतील याची भीती असणाऱ्यानं लेखणी धरू नये. उद्या माझ्या घरावर वेळ आली तरी मी हेच म्हणेन.”

काही दिवसांनी एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवून मालिनी म्हणाली, “छापायचंच आहे ना? मग नीट छापू.” हरली बिचारी, असं ढुंढिराजांना वाटलं आणि तिची थोडी दयाही आली.

थंडीभर टायपिंग चाललं. संध्याकाळी ती पानं वाचून दाखवायची आणि ढुंढिराज डोळे मिटून ऐकायचे. भाग्यश्री घर सोडते, भाग्यश्री गाडीत बसते, भाग्यश्री त्याच्या खोलीवर जाते. मालिनी एकदाही अडखळली नाही. छापखान्यातून प्रुफं आली, तीही तिनंच वाचून दाखवली. मधे एकदा थांबून पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. काळीज आहे बाईला, ढुंढिराजांनी मनात म्हटलं.

यथावकाश ऑपरेशनं झाली. नवा चष्मा आला तो नेमका प्रकाशनाच्या दिवशी सकाळी. पुस्तकांचा गठ्ठा छापखान्यातून थेट सभागृहात आला होता. पाहुण्यांनी वेष्टन सोडायच्या आत लेखकानं पुस्तकाला हात लावायचा नाही, हा ढुंढिराजांचाच हट्ट.

पहिल्या रांगेत मालिनी ठेवणीतली पैठणी नेसून बसली होती. तिच्या एका बाजूला भाग्यश्री, खाली मान घालून, बहिणीचा हात घट्ट धरून. पलीकडे ताठ पाठीचे सुभेदार. त्यांना आग्रहानं बोलावलं होतं मालिनीनंच. ढुंढिराजांना ते खटकलं होतं, पण आता माघार घेतील तर ते लेखक कसले?

पाहुण्यांनी लाल फीत सोडली. टाळ्या झाल्या. ढुंढिराजांनी पुस्तक उघडलं. अक्षरं धुऊन वाळत घातल्यासारखी लख्ख दिसत होती. पहिल्याच ओळीत ‘ज्येष्ठ’ होता, ‘य’सकट. त्यांनी मालिनीकडे पाहून मान हलवली. तिनंही हलवली.

“एक सांगतो,” ते माईकवर म्हणाले, “यातली घटना खरी आहे, माणसं खरी आहेत. मी एकही नाव बदललेलं नाही.”

सुभेदार कान देऊन पुढे सरकले. ढुंढिराजांनी आवडीचं, ऐकून ऐकून पाठ झालेलं पान काढलं, चष्मा नीट केला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली:

“‘सटाण्याच्या स्टँडवर गाडी थांबली. कांद्याच्या गोण्यांआडून तो पुढे आला, त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि मागे वळूनही न बघता त्याच्याबरोबर निघाली ती... मालिनी.’”