उजव्या हाताचा दस्ता

टेबलावर रायफलचे दोन दस्ते ठेवले होते. एक उजव्या हातासाठी घडवलेला, मूठ धरली की बोटं आपोआप खाचांत जाऊन बसतील असा. दुसरा साधा, सरळ मुठीचा, कुणीही कुठल्याही खांद्याला लावावा. लांबी-उंची दोन्हींची कमीजास्त होत होती. एक ठेवायचा, एक दुकानदाराला आजच परत करायचा.

"हा," कोमलनं साध्यावर बोट ठेवलं.

"आगं, त्यात काय हाय?" तिचे वडील कैलास म्हणाले. ते सुदुंबऱ्याच्या कारखान्यात फिटर होते. चांगली वस्तू त्यांना हातात घेताच कळायची. "ह्यो उजवा बघ. लय झ्याक बसतोय."

"मला हाच पायजे."

"कारण तरी सांग."

कारण सांगण्यासारखं नव्हतं. दिवाळीपासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे, अगदी मधोमध, धुरकट डाग होता आणि तो वाढत होता. राज्य संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती. घरी कळलं की रायफल बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साधा दस्ता मिळाला असता, तर ती गुपचूप डाव्या खांद्यावर गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ आता फार दिवस झाकून राहणार नव्हती.

"वाद नको, उजवा लावून बघू," रतन मॅडम म्हणाल्या. कुसगावच्या या रेंजवर त्याच तिला शिकवत. "कैलासभाऊ, टार्गेट अडकवून दोरीनं पुढे सोडा तेवढं."

कैलासनी कागद घेतला, पण हलले नाहीत. दुसरं कुणी स्क्रू पिळत असताना फिटरचा पाय निघत नाही.

कोमल चटईवर पालथी झोपली. रायफल रिकामी होती, गोळी भरताना मागेपुढे ओढायचा बोल्ट उघडा. मॅडमनी तिच्या डाव्या डोळ्यावर झापड सरकवली आणि दस्त्याच्या स्क्रूवर वाकल्या.

"डोळे मीट. गाल टेकव. आता उघड. काळा गोल कुठे दिसतोय?"

कोमलला नुसता धूर दिसत होता. गेले कित्येक दिवस देत होती तेच उत्तर तिनं दिलं.

"मधोमध, मॅडम."

"खाली-वर?"

"नाही. एकदम मधोमध."

"झालं तर. उजवाच ठेवू."

कैलासनी समोर पाहिलं. पन्नास मीटरवर नुसता मातीचा बांध होता. टार्गेटचा कागद अजून त्यांच्याच हातात होता.

ते तिच्याजवळ उकिडवे बसले. "कवापासनं?"

कोमलनं मान वळवली. तिला तो कागद दिसला. "दिवाळीपासनं."

कैलास घाबरले होते. इतके ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते. आता ते रायफल काढून घेणार म्हणून कोमल वाट पाहत राहिली.

"मॅडम, ह्यो काढा. साधा लावा."

"अहो, आत्ताच तर बसवला."

"तिला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई. उद्या डॉक्टरकडं नेतो. आज साधा लावा."

मॅडमचा हात थांबला. "बोल्ट उजवीकडेच राहील, भाऊ. डाव्या खांद्यावर धरली तर दर गोळीला कसरत होईल."

"करंल ती."

साधा दस्ता बसला. झापड कैलासनीच उजवीकडे फिरवली. कोमलनं रायफल डाव्या खांद्याला लावली, पण सवयीनं उजवाच हात मुठीवर गेला. लहानपणी ताटात डावा हात गेला की कैलास त्यावर चापट मारत. ती पार उजवी होईपर्यंत मारली होती.

त्यांनी तिचा उजवा हात काढला. डावा आपल्या हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि मुठीवर नेऊन ठेवला.

मग कागद अडकवून ते दोरी ओढू लागले. कप्पी कुरकुरत टार्गेट लांब जाऊ लागलं.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"आता?"

"दिसतंय."

दोरी संपली. कैलासनी ती घट्ट धरून ठेवली. "आता कुटं हाय गोल?"

कोमलनं गाल नीट टेकवून पुन्हा पाहिलं.

"मधोमध न्हाई, पप्पा. जरा खाली हाय."